काळूला घेऊन इस्लापूरच्या शिबिराला

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान एखादा समुद्र ओलांडलेला असावा, अशी माझी समजूत आहे. मी मांजरा आणि गोदावरी या दोन नद्या ओलांडल्या. पहिली पूर्ण कोरडी होती आणि दुसरीत म्हशी बसतील एवढीच डबकी होती. तेव्हा हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. पण कॉलेजच्या वार्षिक अंकाचे काम पाहणारे आमचे सर म्हणाले, "बोकड घेऊन परजिल्ह्यात गेलेला असा वर्गात तू एकटाच आहेस. लिही." म्हणून लिहितो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेले नाही. चुका दिसल्या तर त्या आमच्या घरात पहिल्यांदाच होत आहेत, असे समजून वाचकांनी पोटात घालाव्यात.

हा प्रवास मी पहिल्या वर्षाला असताना केला. आता शेवटचे वर्ष आहे. ज्या सरकारी योजनेपायी हा प्रवास घडला तीही मधल्या काळात बंद पडली, त्यामुळे माझ्या लिहिण्याने कोणाच्या नोकरीला धक्का लागेल ही भीती उरलेली नाही.

निघण्याआधी

आमचे गाव मुरुडच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथून आत. आमच्याकडे ग्रामीण युवक मंडळ कसे आले हे आधी सांगितले पाहिजे, कारण शिबिरात मंडळांचा जो इतिहास ऐकवला गेला त्यात आमचा भाग राहून गेला.

एके दिवशी गावात जीप आली. तिच्यातून उतरलेल्या साहेबांनी चावडीसमोर तरुणांना गोळा केले आणि सांगितले की पुढारलेल्या देशांत खेड्यातली मुले मंडळ काढतात, प्रत्येक जण एक काम हाती घेतो, करता करता शिकतो आणि वर्षातून एकदा शिबिरात ते काम सगळ्यांना दाखवतो. मग आम्ही उजवा हात पुढे करून शपथ घेतली. शपथेत कष्ट, स्वावलंबन आणि सहकार्य असे शब्द होते. ती संपताच साहेबांचा चहा कोणाच्या घरी करायचा यावर मंडळातले पहिले भांडण झाले.

पहिल्या वर्षी परसबागेचे काम मिळाले. तेव्हा विहिरींना पाणी होते. वांगी चांगली लागली. साहेब पाहणीला आले आणि नमुन्यादाखल पोतेभर घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या कोंबड्या आल्या. त्या शहरातल्या होत्या, त्यांना आमच्या कुत्र्यांची ओळख नव्हती. ती ओळख लवकरच पूर्ण झाली. तिसऱ्या वर्षी प्रत्येक मंडळाला एक जातिवंत उस्मानाबादी बोकड द्यायचे ठरले. आमच्या वाट्याला आलेले काळेभोर पिल्लू हातात मावेल एवढे होते. ते कोणी सांभाळायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा अध्यक्षांच्या घरी वास चालणार नव्हता, चिटणिसाच्या घरी जागा नव्हती आणि बाकीच्यांना अभ्यास होता. शेवटी माझी वैनी म्हणाली, "आना हिकडं. बांधा आमच्या दारात." मंडळाने टाळ्या वाजवून तिचे आभार मानले आणि त्यानंतर आमच्या दाराकडे एकही सभासद फिरकला नाही. तसेही आमच्या वस्तीकडे फिरकायची त्यांना सवय नव्हती.

पिल्लाचे नाव वैनीने काळू ठेवले.

मग पाऊस गेला. एक साल गेला, दुसऱ्या सालीही त्याने तोंड दाखवले नाही. त्याच काळात लातूर वेगळा जिल्हा झाला. मंडळाच्या फळीवर 'जि. उस्मानाबाद' असे लिहिलेले होते. त्यावर चुना मारून आम्ही 'जि. लातूर' लिहिले. चुना पातळ निघाला, त्यामुळे फळीवर दोन्ही जिल्हे दिसत, आणि दोन्हीकडून आम्हाला काही येत नसे.

आमच्या वस्तीत जमीन कोणालाच नाही. दादा आणि वैनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. प्रत्येक दारात मात्र दोन-तीन शेळ्या. दुष्काळात गावातले बाकीचे बोकड एकेक करून खाटकाकडे गेले, कारण त्यांना घालायला कोणाकडे काही नव्हते. काळू राहिला, कारण वैनी खडीवरून येताना पदरात बाभळीच्या शेंगा आणायची. त्यामुळे सगळ्या वस्तीच्या शेळ्यांना तो एकच बोकड. त्या साली शेतात काही पिकणार नव्हते. पिकली तर शेळ्यांची पिल्लेच पिकणार होती, आणि तीच मुरुडच्या बाजारात नेता आली असती.

अशा वेळी शिबिराचे बोलावणे आले. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांच्या मंडळांचे मिळून शिबिर, इस्लापूरजवळ, सहस्रकुंड धबधब्याच्या काठी. प्रत्येक मंडळाने एक प्रतिनिधी पाठवायचा आणि त्याच्याबरोबर आपला बोकड.

"तुमी जा की भावजी," वैनी म्हणाली. "काळूला कशाला? त्येला काय भाषन करायचंय?"

"प्रदर्शन आहे. आपल्या मंडळाचं नाव होईल."

"नाव झाल्यावर शेळ्या गाभन राहतेत का?"

दादा हसायला लागला. मी त्याच्याकडे रागाने पाहिले. मंडळ ही केवढी मोठी कल्पना आहे, हे मी तिला पुष्कळ समजावून सांगितले. ती तव्यावरची भाकरी उलटत ऐकत राहिली.

"परत आनताव का त्येला? तेवढं सांगा."

"शब्द देतो."

"शब्द नगं. बोकड आना."

निघायच्या सकाळी टँकरच्या पाण्यातून आपल्या वाटचा एक तांब्या काढून तिने काळूचे अंग पुसले, मग करडीचे तेल चोळले, शिंगांनाही चोळले. तिने स्वतःच्या केसांना त्या उन्हाळ्यात तेल लावलेले मी पाहिले नव्हते. काळू असा चमकायला लागला की त्याच्या शेजारी उभे राहायला मला संकोच वाटला.

मुरुड, लातूर, नांदेड

मुरुडच्या स्टँडवर कंडक्टरने आम्हाला दारातच अडवले.

"हे काय हाय?"

"बोकड."

"ते दिसायलंय मला. कुठं चाललाय?"

"युवक मंडळाच्या शिबिराला."

"अन् तू?"

"मीसुद्धा शिबिरालाच."

"मग दोघांतला सभासद कोन?"

सगळी गाडी हसली. शेवटी मागच्या बाकाखाली काळूची सोय झाली. त्याने वाटेत कोणाला त्रास दिला नाही. एका म्हाताऱ्या बाबांच्या धोतराचा सोगा तेवढा चावला, पण ते झोपेत होते.

लातूर नवा जिल्हा झाल्यापासून तिथे रोज कशाचे ना कशाचे उद्घाटन चालू असे. गाडी बदलायला उतरलो तर स्टँडजवळच एका नव्या कार्यालयाच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण होते. आतले साहेब अजून नेमायचे होते, खुर्च्या अजून यायच्या होत्या, पण तोरण आलेले होते. मी कार्यालयाचे नाव वाचत उभा राहिलो तेवढ्यात काळूने मागच्या पायांवर उभे राहून अर्धे तोरण खाल्ले. नव्या जिल्ह्याचा प्रत्यक्ष फायदा झालेला आमच्या गावातला तो पहिलाच.

नांदेडला पोहोचेपर्यंत दुपार टळली. माझ्याजवळच्या भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. गुरुद्वाऱ्यात कोणालाही जेवायला मिळते असे ऐकले होते, पण माझा विश्वास बसला नव्हता. भीत भीत गेलो. बाहेर एका पांढऱ्या दाढीच्या शीख आजोबांनी माझ्या हातातली दोरी घेतली आणि म्हणाले, "जाव बेटा, खाके आव. इसको मैं देखता." मी पंगतीत बसलो. ताटात डाळ-रोटी पडली, पुन्हा पडली. नाव, गाव, आडनाव कोणीच विचारले नाही. आमच्याकडे पाणी पाजण्याआधीही या तीन गोष्टी विचारतात, त्यामुळे मला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. बाहेर आलो तर आजोबा काळूला आपल्या हातातली रोटी तोडून तोडून देत होते.

अर्धापूर

नांदेडहून शिबिराच्या ट्रकमध्ये बसलो. ट्रक अर्धापूरवरून जाणार होता, कारण तिथले मंडळ घ्यायचे होते. अर्धापूरच्या केळी मी ऐकून होतो. त्या साली पुष्कळ बागांतली पाने फाटून वाळलेली होती, झाडे मान टाकून उभी होती. पण जिथे विहिरीला थोडे पाणी होते तिथे हिरवे तुकडे होते, आणि आमच्याकडच्या उघड्या माळावरून आलेल्या माणसाला तेवढे हिरवेही डोळ्यांत भरते.

अर्धापूरच्या मंडळाचा प्रतिनिधी विठ्ठल नावाचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा, बोलका. शिबिरांचा त्याला चांगला अनुभव होता. त्याने ट्रकमध्ये जो बोकड चढवला तो पाहून मला वाईट वाटले. बरगड्या मोजाव्यात असा, एक शिंग मोडलेले, अंगावर राख की माती काहीतरी फासलेले, आणि तो खोकत होता.

विठ्ठलने काळूकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग शेजारच्या हदगावकडच्या मुलाला कोपराने ढोसले.

"ह्येलाच दाखवणार तू परदर्शनात?"

"हो. का?"

"काही न्हाई. लई देखना हाय."

थोड्या वेळाने त्याने मला केळे दिले. "ऐक, उतरलास की ह्येला जरा मातीत लोळू दे. एवढा चकाकून बरा न्हाई."

"का बरं?"

"नजर लागती रे."

मला तो मत्सर वाटला. खरे सांगायचे तर त्याची कीवही आली. मी मनात ठरवले की शिबिरात या मुलाला बोकडाची निगा कशी ठेवावी ते प्रेमाने समजावून सांगायचे.

इस्लापूर आणि कोरडा धबधबा

भोकर मागे पडल्यावर मी जन्मात पहिल्यांदा जंगल पाहिले. सागाची झाडे पाने टाकून उभी होती, पण झाडांच्या मागे झाडे, त्यांच्या मागे पुन्हा झाडे, हेच मला नवे होते. आमच्याकडे बाभळीच्या मागे आभाळ असते. काळूची तर भूल पडल्यासारखी अवस्था झाली. ट्रकमधून उतरताच त्याने जे दिसेल ते खायला सुरुवात केली आणि शिबिर संपेपर्यंत तो खातच होता.

सहस्रकुंडाचे नाव मोठे आहे. पैनगंगा तिथे काळ्या खडकांवरून खाली पडते. म्हणजे पडत असे. आम्ही गेलो तेव्हा नुसते खडक होते आणि खालच्या कुंडात हिरवट पाणी. शिबिराचे संघटक साहेब नांदेडचे होते, गोरे, जाडसर, गळ्यात रुमाल. त्यांनी आम्हाला धबधब्यासमोर रांगेत उभे केले आणि पाण्याच्या अमर्याद शक्तीवर भाषण केले. भाषण मागच्याच साली तयार केलेले असावे. मध्येच ते हात करून म्हणाले, "हा गर्जणारा प्रवाह पाहा!" आम्ही सगळ्यांनी वळून खडकांकडे पाहिले. एक टिटवी ओरडत होती.

त्याच भाषणात त्यांनी मंडळांचा इतिहास सांगितला. ही चळवळ सातासमुद्रापलीकडून आली, तिने खेड्यांचा कायापालट केला, आधी परसबागा, मग कुक्कुटपालन, मग शेळीपालन अशा पायऱ्या आपण चढत गेलो. कोंबड्यांचे पुढे काय झाले ते त्या इतिहासात नव्हते. "मात्र एक खंत आहे," साहेब म्हणाले. "शिबिरात येणाऱ्या जनावरांचा दर्जा दर साली खालावत चालला आहे. तुमची निष्ठा कमी पडते." मी मान खाली घातली. विठ्ठलने आभाळाकडे पाहिले.

शिबिरात जातपात मानली जात नाही, हे साहेबांनी तीनदा सांगितले. मग नोंदणीच्या वेळी माझे आडनाव विचारले, मग गाव, मग गावात आमचे घर कोणत्या बाजूला आहे तेही विचारले. नंतर म्हणाले, "छान, छान. आपल्याकडे सगळे एकत्रच जेवतात." हे त्यांनी मला सोडून दुसऱ्या कोणालाही सांगितले नाही.

स्वयंपाकाला पोशन्ना म्हणून एक माणूस होता. तो तेलंगणाकडचा, तेलुगू आणि मराठी एकात एक बोलायचा. शिबिराशेजारीच 'आदर्श पशुकेंद्र' नावाची पत्र्याची शेड होती, तिचा राखणदारही तोच. दोन्ही वेळा तो भात आणि चिंचेचे तिखटजाळ सार वाढायचा. आमच्याकडे भात म्हणजे सणाला किंवा आजाऱ्याला. मी पहिल्या दिवशी विचारले, "भाकरी नाही का?" तो म्हणाला, "बाबू, ज्वारी लेदु, नीळ्ळू लेदु, सारचा भाषण हाय. ते खा." साहेबांना तो 'सार' म्हणायचा. ज्वारी नाही आणि पाणी नाही, एवढे मला कळले. पण त्या चिंचेच्या साराला चव होती, घरी आल्यावर मी वैनीला ते करून पाहायला सांगणार होतो. पुढे सांगायचे धाडस झाले नाही.

रोज पहाटे कवायत, मग श्रमदान. श्रमदान म्हणजे एका बाजूचे दगड उचलून दुसऱ्या बाजूला रचायचे. दादा-वैनी रोज हेच करतात, पण त्यांच्या कामाला श्रमदान म्हणत नाहीत आणि शेवटी टाळ्याही वाजवत नाहीत. सायंकाळी गाणी. विठ्ठल डफ छान वाजवायचा. किनवटकडची मुले मोहाच्या झाडाखाली उरलीसुरली वाळकी फुले वेचून काळूला चारायची. त्या दिवसांत मी खरोखर आनंदात होतो, हे लपवत नाही.

प्रदर्शन

शेवटच्या दिवशी परीक्षकांसमोर सगळे बोकड आणले. मी तो देखावा विसरणार नाही. एक लंगडा, एक आंधळा, एकाच्या पाठीचे केस गेलेले, एक उभा राहू शकत नाही म्हणून त्याला दोघांनी धरलेले. विठ्ठलचा खोकत होताच. दोन जिल्ह्यांतले इतके दुःखी बोकड एका जागी पूर्वी कधी आले नसतील. प्रतिनिधी मात्र सगळे हसतमुख होते.

आणि मध्ये काळू. मी पुन्हा तेल लावले होते. परीक्षकांनी त्याचे दात पाहिले, पाठ दाबली, एकमेकांकडे पाहिले. साहेबांचा चेहरा उजळला. ते माइकवर गेले. पहिला क्रमांक, लातूर जिल्हा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला एक फिरती ढाल मिळाली, म्हणजे एक साल ठेवून परत द्यायची. मी ती छातीशी धरून उभा होतो. तेवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "आणि नियमाप्रमाणे विजेता बोकड आपल्या आदर्श पशुकेंद्रात कायमचा दाखल होईल."

पुन्हा टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. ढाल काखेत धरून वाजवल्या. वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला तेव्हा बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या आणि माझ्या चालूच होत्या.

मी साहेबांच्या मागे धावलो. "साहेब, तो परत न्यायचा आहे. आमच्या वस्तीत तो एकच आहे. घरी शब्द दिलाय."

"अरे, असा संकुचित विचार करू नकोस," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तो आता एका वस्तीचा राहिला नाही. तो जिल्ह्याचा झाला."

"कोणत्या जिल्ह्याचा, साहेब?"

मी खरोखरच विचारले होते, पण सगळे हसले. साहेबांनी खांद्यावरचा हात काढला. "असं कर, तुमच्या जिल्हा कार्यालयातून रीतसर मागणी येऊ दे."

विठ्ठल मला बाजूला घेऊन गेला. त्याने हसू दाबून धरले होते, पण माझे तोंड पाहून ते गेले असावे.

"तुला सांगितलं होतं, मातीत लोळव म्हनून."

"तू नजर लागेल म्हणालास."

"मग लागली न्हाई का? सायबाची लागली." तो माझ्या शेजारी बसला. "अरे येड्या, पहिला आला की गेला, हे सगळ्यांला ठाव हाय. आमचा खरा बोकड घरी केळीत बांधलाय. ह्यो तर खाटकाकडून मागून आनलाय चार दिवसांला. माघारी न्यून द्यायचाय."

"सगळ्यांचे असेच आहेत?"

"मंग? निष्ठा कमी पडती आमची."

मी काळूला शेडपर्यंत घेऊन गेलो. दोरी पोशन्नाच्या हातात दिली. तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी काय करतो बाबू," तो म्हणाला, "सार बोलला ठेव, मी ठेवतो." काळू कसलीतरी हिरवी पाने खात होता. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. तेच बरे झाले.

घरी

वैनी खडीवरून आली तेव्हा मी दारात ढाल घेऊन बसलो होतो. तिने आधी माझ्या मागे पाहिले, मग घराच्या कोपऱ्यावर, मग रस्त्यावर.

"काळू कुठं हाय?"

"वैनी, आपला पहिला नंबर आला."

"काळू कुठं हाय?"

मी सगळे सांगितले. गुरुद्वारा, अर्धापूर, विठ्ठल, खाटकाचा बोकड, पोशन्ना, शेड, काही लपवले नाही. तिने पदरातल्या शेंगा खाली ओतल्या. ढाल हातात घेतली, उलटी करून पाहिली.

"आता शेळ्या ह्येच्याकडं लावू का?"

दादाही हसला नाही. ती ढाल तिने रांजणावर झाकण म्हणून ठेवली आणि चूल पेटवायला बसली.

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. शेजारची धुरपाकाकू ओढत ओढत आपली शेळी घेऊन यायची, रिकामा खुंटा पाहून परत जायची, आणि जाताना मला म्हणायची, "शिकतंय लेकरू, शिकू द्या." वस्तीतल्या बायका मी समोर आलो की वाट बदलत. दुष्काळ त्यांनी देवाने पाडला म्हणून सोसला होता. हे मी केले होते.

कॉलेजसाठी लातूरच्या होस्टेलवर परत गेलो आणि तिथून मी कार्यालयांच्या फेऱ्या सुरू केल्या. उस्मानाबादला म्हणाले, तुमचे गाव आता आमचे नाही. लातूरला म्हणाले, गाव आमचे आहे, पण बोकड वाटणीत आलेलाच नाही. टेबले आली, कपाटे आली, जिवंत वस्तू अजून यायच्या आहेत. जे आमच्याकडे आलेच नाही ते परत कसे मागायचे? नांदेडला म्हणाले, मागणी आमच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याकडून यायला हवी. तो अधिकारी लातूरला अजून नेमलेला नव्हता. मी प्रत्येक ठिकाणी नम्रपणे आभार मानून बाहेर पडायचो. सुटीला घरी गेलो की वैनी विचारायची, "आज काय आनलं भावजी? बोकड का सही?" पुढे पुढे तिने विचारणेही सोडले. एकदा घरी गेलो तर ती नव्हती. दादा म्हणाला, माहेरी गेली आहे. मला वाटले, माझे तोंड नको म्हणून गेली असेल. त्यानंतर मी घरी जाणेच टाळले.

लातूर

खरे काय ते कळले त्या दिवशी मी कार्यालयातून होस्टेलवर परत येत होतो आणि कित्येक दिवसांनी खुशीत होतो. लातूरला अखेर एक साहेब रुजू झाले होते. त्यांनी माझ्यासमोर नांदेडला फोन लावला, पुष्कळ वेळ ओरडून बोलले आणि फोन ठेवून म्हणाले, "तुमचा बोकड ठणठणीत आहे. आजच पाहणी झाली. वजन वाढलंय म्हणतात. परत मिळणार नाही, पण काळजी करू नका."

होस्टेलच्या पायरीवर दादा बसला होता. वैनीने दिलेल्या भाकरी आणि ठेचा घेऊन आला होता. मी त्याला तीच बातमी आधी सांगितली. काळू ठणठणीत आहे, वजनही वाढले आहे.

"वाढलंय खरं," दादा म्हणाला. "परवा उचलून बघितला मी."

"कुठे?"

"घरी. कुठं म्हंजी?"

मला कळेना. दादाने टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. मग सांगितले. वैनी माहेरी गेलीच नव्हती. मुरुडच्या बाजाराच्या पुढे कधी न गेलेली ती बाई गाडी बदलत बदलत अर्धापूरला गेली आणि युवक मंडळाचा विठ्ठल कुठे राहतो म्हणून विचारत फिरली. विठ्ठल तिच्याबरोबर इस्लापूरला आला. पोशन्ना म्हणाला, मला मोजायला एक काळा बोकड लागतो, कोणता का असेना. विठ्ठलने खाटकाकडचा एक आणलेलाच होता. तो शेडमध्ये बांधला. काळूला सोडले. वैनी त्याला घेऊन गाडीत बसली, कंडक्टरने काही विचारले की त्याच्याशी भांडली, आणि घरी आली. धुरपाकाकूची शेळी गाभण होती. वस्तीतल्या आणखी काही होत्या.

"हे कधी झालं?"

"लई दिस झाले की."

"दादा, मी रोज कार्यालयाच्या दारात उभा राहायलोय. मला का नाही कळवलं?"

दादाने भाकरीचे फडके माझ्या हातात दिले.

"मी म्हनलो होतो कळवू. ती म्हनली, नगं. भावजी चांगले हायेत, त्येंना कुनी इचारलं की ते खरं सांगतेत."